गच्चीवरचं सोलार आणि सरकारी सवलत : एका तालुक्यातून संशोधन-प्रश्न कसा घडवायचा?

पेट झाली, मुलाखतीची तारीख आली, आणि सिनॉप्सिसला विषय नाही. दरवर्षी कुणीतरी याच अवस्थेत भेटतं. मग "सौर ऊर्जा : एक अभ्यास" असं काहीतरी लिहून आणलं जातं आणि समितीतले सर पहिलाच प्रश्न विचारतात, "यात तुमचा प्रश्न काय?" या लेखात मी एकच विषय घेणार आहे, घरगुती सोलारला मिळणारी करसवलत आणि अनुदान. तो कळमनुरीच्या गल्लीत उतरवून बघू, म्हणजे विषय आणि प्रश्न यातला फरक तुमच्या लक्षात येईल.

आधी एक खुलासा. आपल्या हिंगोली जिल्ह्यात "सोलार घेतलं का?" असं विचारलं की लोक शेतातल्या पंपाबद्दल बोलायला लागतात. सौर कृषिपंपाची योजना वेगळी, तिचा लाभार्थी वेगळा, हिशेबही वेगळा. सर्वेक्षणाला गेलात तर हा घोळ पहिल्या दिवशीच होईल. इथे आपण फक्त घराच्या छपरावरच्या, महावितरणच्या जाळ्याला जोडलेल्या संचाबद्दल बोलतोय.

"करसवलत" आणि "अनुदान" हे शब्द बोलताना एकमेकांच्या जागी वापरले जातात. संशोधनात तसं चालत नाही. अनुदान म्हणजे सरकार पैसे देतं. करसवलत म्हणजे तुम्ही सरकारला जे देणं लागता, त्यातलं काही सरकार सोडून देतं. मग जो काहीच देणं लागत नाही, त्याला काय सोडणार?

अमेरिकेत घरगुती सोलारला खर्चाच्या ३० टक्के आयकर-सवलत होती. जुलै २०२५ च्या कायद्याने ती २०२५ अखेर बंद झाली. ही सवलत परतावा न देणारी होती, म्हणजे तुमचा कर जेवढा, तेवढ्यापुरतीच ती कामाची. सेवेरिन बोरेनस्टीन आणि लुकास डेव्हिस यांनी २०१६ च्या निबंधात अशा स्वच्छ ऊर्जेच्या कर-सवलती कोणत्या उत्पन्नगटाकडे गेल्या ते आयकर विवरणपत्रांवरून मोजलं. वरच्या २० टक्के कुटुंबांकडे सुमारे ६० टक्के रक्कम गेली आणि खालच्या ६० टक्क्यांच्या वाट्याला सुमारे १० टक्के आली.

आता ती रचना कळमनुरीत आणून ठेवा. हळद आणि सोयाबीन घेणारं घर, शेतीचं उत्पन्न करमुक्त. रोजंदारीवरचं घर, कराच्या मर्यादेच्या कितीतरी खाली. आयकर भरतात ते शिक्षक, बँक कर्मचारी, काही डॉक्टर आणि व्यापारी. भारताने घरगुती सोलारसाठी आयकरात वजावट ठेवली असती, तर ती याच मोजक्या घरांत गेली असती. प्रत्यक्षात आयकरात घरमालकासाठी अशी वजावटच नाही. आपल्याकडे थेट खात्यात अनुदान आहे, आणि माझ्या मते हा निर्णय बरोबर आहे. मात्र "थेट अनुदान आहे म्हणजे गरिबापर्यंत पोचलं" एवढी मोठी उडी मारू नका. त्याकडे खाली येतो.

आयकराची सवलत आहे ती व्यवसायाला. सौर संचावर ४० टक्के घसारा मिळतो (मार्च २०१७ पर्यंत तो ८० टक्के होता), साध्या यंत्रसामग्रीवर १५ टक्के. समजा एखाद्या हळद प्रक्रिया करणाऱ्याने ५ लाखांचा संच बसवला आणि तो ३० टक्के कराच्या टप्प्यात आहे. पहिल्या वर्षी घसारा २ लाख, वाचलेला कर ६०,०००. साध्या यंत्रावर तो २२,५०० वाचला असता. विद्यार्थी इथे हमखास लिहितात की सरकारने ३७,५०० रुपयांची भेट दिली. तसं नाही. घसारा पुढच्या वर्षांत मिळणारच होता, फक्त तो आधी मिळाला. भेट आहे ती वेळेची, म्हणजे त्या रकमेवरच्या व्याजाएवढी.

आणखी एक गोष्ट. त्याच रस्त्यावरचा किराणा दुकानदार बहुधा अनुमानित नफ्यावर कर भरतो, म्हणजे उलाढालीच्या ६ किंवा ८ टक्के नफा धरून. त्या पद्धतीत घसारा आधीच वजा झाला असं मानतात, त्यामुळे सोलार लावून त्याच्या करात काहीच फरक पडत नाही. खाली दुकान आणि वर घर असेल तर दुकानाच्या व्यापारी मीटरला केंद्राचं अनुदान नाही आणि वरच्या घरगुती मीटरला घसारा नाही. एकाच इमारतीत दोन मीटर आणि दोन वेगळे कायदे. कोणत्या मीटरवर संच बसवला जातो, हाच एक प्रश्न होऊ शकतो, आणि माझ्या वाचनात तो कुणी नीट विचारलेला नाही.

जीएसटी ही तिसरी वाट. सौर उपकरणांवरचा दर १ ऑक्टोबर २०२१ ला ५ वरून १२ टक्के झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ ला परत ५ वर आला. संच बसवून देण्याच्या कंत्राटात ७० टक्के माल आणि ३० टक्के सेवा धरतात, सेवेवर १८ टक्के. म्हणून एकूण दर १३.८ वरून ८.९ टक्क्यांवर आला. करापूर्वी १,३०,००० चा संच असेल तर सुमारे ६,४०० रुपयांचा फरक. तो ग्राहकाला मिळाला की विक्रेत्याच्या गल्ल्यात गेला? अर्थशास्त्रात याला कराचा भार-संक्रमण म्हणतात. पण अडचण बघा. दर सगळ्या देशात एकाच दिवशी बदलला, त्यामुळे तुलनेला "न बदललेला" गट नाही. शिवाय जीएसटी परिषदेचा निर्णय ३ सप्टेंबरला जाहीर झाला आणि अंमल २२ ला, म्हणजे मधले जवळपास तीन आठवडे शहाणा माणूस थांबणारच. सप्टेंबरची विक्री पडली आणि ऑक्टोबरची वाढली, एवढ्यावर "जीएसटी कपातीचा परिणाम" असं शीर्षक देऊ नका.

आता मुख्य गोष्ट. पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना १३ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाली. तरतूद ७५,०२१ कोटी, उद्दिष्ट १ कोटी घरं. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,०००, तिसऱ्याला १८,०००, आणि तिथेच मर्यादा : ७८,०००. हे आकडे कुठून आले? पहिल्या २ किलोवॅटसाठी प्रमाण किंमत किलोवॅटला ५०,००० धरली आणि तिचे ६० टक्के दिले. तिसऱ्यासाठी ४५,००० धरली, तिचे ४० टक्के. बाजारातली किंमत बहुतेकदा याहून जास्तच निघते. अनुदान हवं तर सेलसुद्धा भारतात बनलेले लागतात आणि असे पॅनेल महाग पडतात, हे त्यामागचं एक कारण. अनुदानाचा एक तुकडा अशा तऱ्हेने घराच्या छपरावरून कारखान्याकडे जातो.

कागदावर ही रचना लहान ग्राहकाच्या बाजूची दिसते. १ किलोवॅटला किमतीच्या ६० टक्के मदत आणि ३ किलोवॅटला १,४५,००० पैकी ७८,०००, म्हणजे ५४ टक्के. पण हिशेब इथेच सोडला तर अर्धाच होतो, कारण सोलारचा फायदा अनुदानातून कमी आणि वाचलेल्या बिलातून जास्त येतो. महावितरणच्या २०२४-२५ च्या दरपत्रकात पहिल्या १०० युनिटना वीज आणि वहन आकार धरून युनिटला साधारण ६ रुपये पडत, आणि १०१ ते ३०० युनिटना साधारण साडेअकरा. वर १६ टक्के वीज शुल्क. स्थिर आकार सोलार लावूनही भरावाच लागतो, म्हणून तो बाजूला ठेवू.

दोन घरं घ्या. पहिलं महिन्याला ७० युनिट वापरतं : दोन पंखे, तीन-चार दिवे, टीव्ही. १ किलोवॅटचा संच दिवसाला साधारण ४, महिन्याला १२० युनिट देतो, म्हणजे गरज पूर्ण भागली. वाचले ७० गुणिले ६, वर शुल्क, सुमारे ४८७ रुपये. (वर्षअखेर उरलेल्या युनिटना मिळणारा दर इतका कमी असतो की तो इथे सोडून देतोय.) ५०,००० मधून ३०,००० गेले, खिशातून २०,०००. वसूल व्हायला ४१ महिने. दुसरं घर ३०० युनिटचं : एसी, फ्रिज, गीझर. ३ किलोवॅटचा संच. वाचले पहिल्या शंभराचे ६०० आणि पुढच्या दोनशेचे २,३००, शुल्कासह ३,३६४. खिशातून ६७,०००. वसुली २० महिन्यांत.

म्हणजे ज्याला टक्केवारीत जास्त अनुदान, त्याचे पैसे दुप्पट उशिरा वसूल होतात. मोठ्या घराला खरी सूट देतं ते वीज दरपत्रक. हे अनुदान कोणत्याही अर्थसंकल्पात दिसत नाही. वरच्या टप्प्यातला ग्राहक जास्त दर देतो आणि त्यातून खालचा टप्पा स्वस्त ठेवला जातो. तोच ग्राहक सोलार लावून बाहेर पडला की तो भार उरलेल्यांवर येतो, म्हणजे शेवटी त्या ७० युनिटवाल्या घरावरही. "सोलारला सरकार किती मदत करतं?" असा प्रश्न घेतला आणि फक्त अनुदानाची बेरीज केली, तर उत्तर चुकणारच.

राज्य सरकारने २०२५ मध्ये आणलेली 'स्मार्ट' योजना याच जागी बसते. दारिद्र्यरेषेखालचे आणि १०० युनिटच्या आत वापर असलेले ग्राहक, एकूण ५ लाख घरांचं उद्दिष्ट, १ किलोवॅटचा संच. केंद्राच्या ३०,००० वर राज्य दारिद्र्यरेषेखालच्या घराला १७,५००, अनुसूचित जाती-जमातीच्या घराला १५,००० आणि इतरांना १०,००० देतं. ग्राहकाच्या वाट्याला अनुक्रमे २,५००, ५,००० आणि १०,०००. आपल्या ७० युनिटच्या घराने १०,००० भरले तर वसुली साडेवीस महिन्यांत, म्हणजे जवळजवळ ३०० युनिटच्या घराएवढीच. राज्याने ही बरोबरी ठरवून साधली की ती आपोआप जुळून आली, मला माहीत नाही. पण सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर हा हिशेब ठेवा, समिती नक्की ऐकून घेईल.

आता पद्धतीकडे. अनुदानाच्या अभ्यासात सगळ्यात अवघड प्रश्न हा असतो : ज्याने सोलार लावलं, त्याने अनुदान नसतं तरी लावलं असतं का? लावलं असतं, तर ते अनुदान सरकारच्या दृष्टीने वाया गेलं. याचं उत्तर लाभार्थ्यांच्या यादीत सापडत नाही. "अनुदानामुळे घेतलं का?" असं थेट विचाराल तर सगळे "हो" म्हणतील, कारण तुम्ही सरकारचे माणूस वाटता आणि पुढची योजना कुणाला नको आहे?

कॅलिफोर्नियात जोनाथन ह्यूज आणि मॉली पोडोलेफस्की यांनी २०१५ च्या निबंधात यावर एक युक्ती वापरली. तिथे प्रत्येक वीज कंपनीच्या हद्दीत अनुदान वेगवेगळ्या वेळी कमी होत गेलं. त्यामुळे एकाच काळात शेजारच्या भागांना वेगळी रक्कम मिळत होती. त्या फरकावरून त्यांनी अंदाज काढला की अनुदान नसतं तर निम्म्याहून अधिक संच बसलेच नसते. आपल्याकडे ही युक्ती तशीच चालणार नाही, कारण मुंबई सोडली तर जवळपास सगळा महाराष्ट्र महावितरणकडे आणि केंद्राचं अनुदान सगळीकडे सारखं. नांदेड जिल्ह्यातल्या देगलूर, धर्माबादच्या सीमेपलीकडे तेलंगणचं वेगळं दरपत्रक सुरू होतं, तिथे थोडी शक्यता आहे.

मला जास्त आशा वाटते ती एका वेगळ्या ठिकाणी. सूर्यघरच्या आधी, २०२३ मध्ये, राष्ट्रीय पोर्टलवर ३ किलोवॅटपर्यंत किलोवॅटला १४,५८८ आणि पुढे १० पर्यंत ७,२९४ मिळत. म्हणजे १ किलोवॅटच्या घराला १४,५८८, ३ ला ४३,७६४ आणि १० ला ९४,८२२. फेब्रुवारी २०२४ नंतर हेच आकडे ३०,०००, ७८,००० आणि ७८,००० झाले. पहिल्याचं दुपटीहून जास्त झालं, शेवटच्याचं घटलं. (साधारण ७.७ किलोवॅटच्या वर सगळेच तोट्यात.) लहान आणि मोठ्या संचांची संख्या आधी-नंतर कशी बदलली याची तुलना करा : हीच 'फरकातला फरक' पद्धत, पुस्तकात दिसते तेवढी ती भयानक नाही. दोन सावधगिरी मात्र हव्यात. मधे जानेवारी २०२४ मध्ये दर काही आठवड्यांपुरता किलोवॅटला १८,००० झाला होता आणि त्याच महिन्यात 'सूर्योदय' योजनेची घोषणाही झाली. त्या दिवसांत लोक वाट बघत थांबले असणार, म्हणून तो काळ वगळून बघा. दुसरं, मोठं छप्पर असलेल्याने ८ ऐवजी ३ किलोवॅटच बसवला असेल, म्हणजे गट आपापसांत मिसळले. आणि ८-१० किलोवॅटची घरं कळमनुरी तालुक्यात तुम्हाला बोटावर मोजण्याइतकीच मिळतील, त्यामुळे हा अभ्यास राज्याच्या आकड्यांवरच होईल. तालुका कामाला येतो तो आकडा असा का आला हे समजून घेताना.

'स्मार्ट'मधली १०० युनिटची रेषा पाहून कुणालाही रिग्रेशन डिसकंटिन्युइटी आठवेल : ९५ युनिटचं घर आणि १०५ युनिटचं घर जवळपास सारखं, एकाला राज्याची मदत आणि दुसऱ्याला नाही, मग तुलना करा. कल्पना चांगली आहे, पण थांबा. १०० युनिटवरच दरपत्रकाचा टप्पाही बदलतो. बिल त्या बिंदूवर उडी मारत नाही, फक्त तिथून चढ तीव्र होतो, त्यामुळे तुलना मोडत नाही. तरी घरं त्या रेषेच्या अलीकडे गोळा झालेली असू शकतात. एका घरात दोन भावांची दोन मीटर हे आपल्याकडे नवीन नाही. म्हणून शासन निर्णयात वापर कोणत्या कालावधीचा बघायचा ते आधी वाचा. मागचा कालावधी असेल तर कुणाला आता वापर कमी करून आत शिरता येणार नाही. मग वापराचा आलेख काढून १०० च्या डावीकडे ढीग आहे का ते तपासा. कोइचिरो इतो यांना २०१४ च्या कॅलिफोर्नियावरच्या अभ्यासात असा ढीग सापडला नव्हता, लोक टप्प्याचा दर न बघता सरासरी बिल बघून वागत होते. आपल्याकडे काय होतं, हा स्वतंत्र प्रबंध आहे.

राहिला पैसा कधी मिळतो हा मुद्दा. ऑलिव्हिए द ग्रूट आणि फ्रँक व्हर्बोव्हन यांनी बेल्जियमच्या फ्लँडर्स भागाबद्दल २०१९ मध्ये दाखवलं की कुटुंबं पुढच्या वर्षांत मिळणाऱ्या लाभाला फार कमी किंमत देतात, जणू १५ टक्के व्याजदराने हिशेब करतात. म्हणून तीच रक्कम सुरुवातीला दिली असती तर सरकारला स्वस्त पडलं असतं. आपलं अनुदान पुढच्या वीस वर्षांत विखुरलेलं नाही, हे चांगलं. पण ते संच बसल्यावर, तपासणी झाल्यावर खात्यात येतं. तोपर्यंतचे पैसे कुणी घालायचे? बँका या योजनेत तारणाविना कर्ज देतात, सुरुवातीला व्याज ७ टक्क्यांच्या आसपास होतं. पगारदाराला ते सहज मिळतं. ज्याचं उत्पन्न नोव्हेंबरला सोयाबीन विकल्यावरच दिसतं, त्याचा महिन्याचा हप्ता कसा बसणार?

आणि आता अशा गोष्टी, ज्या कुठल्याही पोर्टलवर दिसत नाहीत. जुन्या कळमनुरीत माळवदाची आणि पत्र्याची घरं आहेत. माळवदावर संचाचं वजन ठेवायला कुणी तयार होत नाही, पत्र्यावर करता येतं पण वाऱ्याचा आणि चौकटीचा खर्च वाढतो. योजनेच्या भाषेत "छप्पर असलेलं घर", गल्लीच्या भाषेत "स्लॅब आहे का?" त्याहून मोठी गोष्ट मीटरच्या नावाची. मीटर आजोबांच्या नावावर, आजोबा वारलेले, घर तीन भावांत सामाईक, नगरपालिकेच्या उताऱ्यावर अजून जुनंच नाव. अर्ज वीजबिलावरच्या नावाने होतो आणि अनुदान त्याच नावाच्या खात्यात जातं. नाव बदलायचं तर वारसांची संमती लागते आणि तिथे सोलारचा विषय संपून वाटणीचा सुरू होतो. २०२४ च्या ग्राहक हक्क नियमांतील दुरुस्तीने १० किलोवॅटपर्यंत तांत्रिक व्यवहार्यतेची तपासणी काढून टाकली, पण वारस नोंदीची तपासणी कोण काढणार?

तुम्हाला क्षेत्रकार्य करायचंच असेल तर लाभार्थ्यांपासून सुरुवात करू नका. ज्या घरांनी चौकशी केली आणि अर्ज केला नाही, ती घरं शोधा. स्थानिक विक्रेत्यांच्या वहीत अशी नावं असतात : कोटेशन दिलं, पुढे काही झालं नाही. परवानगी घेऊन, नावं गाळून ती यादी मिळाली तर प्रत्येकाला चारच गोष्टी विचारा : मीटर कुणाच्या नावावर आहे, छप्पर कशाचं आहे, उन्हाळ्यात सर्वांत मोठं बिल किती आलं होतं, आणि कोटेशन हातात आल्यावर घरात पहिल्यांदा "नको" कोण म्हणालं.